थंडी, उकाडा आणि भिंतीवरचा थर्मामीटर

नोव्हेंबर उजाडला की आपल्या बहुतेक घरांत हीटिंगवरून कुरबुर सुरू होते. भारतातून आलेल्या आईवडिलांना २१ अंश सेल्सियसलाही कानटोपी लागते, मुले त्याच खोलीत अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून बसतात आणि गॅसचे बिल भरणाऱ्याला १८ अंश पुष्कळ वाटतात. तिघांचेही खरे असते. पण अंगाला काय वाटते आणि अंगाला काय सोसते या दोन निराळ्या गोष्टी आहेत. त्यांची गल्लत झाली तर ती वडीलधाऱ्यांच्या जिवावर बेतू शकते.

आधी 'वाटण्या'विषयी. भारतीय हवामान खात्याच्या निकषानुसार मैदानी भागात पारा निदान ४० अंशांवर आणि सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी वर गेला, तर उष्णतेची लाट समजतात. नागपूरला मे महिन्यात ४३ अंशांचे कुणाला अप्रूप नसते. इंग्लंडमध्ये मात्र काउंटीनुसार २५ ते २८ अंश तापमान सलग तीन दिवस राहिले, तरी ती लाट ठरते. उलट मुंबईत पारा १५ अंशांवर उतरला की स्वेटर बाहेर निघतात, आणि लेस्टरमध्ये तेवढे तापमान म्हणजे जुलैतली उबदार रात्र!

याचे कारण असे की आपली त्वचा थर्मामीटरसारखी नेमका आकडा सांगत नाही. ती मुख्यतः बदल सांगते. एक हात गार पाण्यात आणि दुसरा गरम पाण्यात थोडा वेळ ठेवून मग दोन्ही हात कोमट पाण्यात बुडवून पाहा. तेच पाणी एका हाताला ऊन लागेल, दुसऱ्याला गार.

आता 'सोसण्या'विषयी. उन्हाची सवय शरीराला खरोखर होते. आठवडा-दोन आठवडे उष्ण हवेत काढले की घाम लवकर व जास्त येऊ लागतो आणि त्यातून मीठ कमी जाते. पण थंड हवेत परतल्यावर ही सवय काही आठवड्यांतच ओसरते. म्हणजे जन्म नागपुरात गेला असला, तरी लेस्टरमध्ये दहा वर्षे राहिलेल्या माणसाने त्या भरवशावर राहू नये.

थंडीचे तसे नाही. थंडीच्या सवयीने बहुधा हुडहुडी भरणे कमी होते. शरीराचे रक्षण त्या मानाने फारसे वाढत नाही. त्यातच वय वाढले की गारठा जाणवणेही मंदावते. थंड खोलीत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो आणि हृदयविकार व पक्षाघाताचा धोका वाढतो. म्हणून एखादे आजोबा १५ अंशांच्या खोलीत बसून "मला नाही बुवा थंडी वाजत" म्हणाले, तरी निश्चिंत होऊ नये.

उन्हाळ्यातही तेच. १९ जुलै २०२२ रोजी लिंकनशायरमधील कॉनिंग्सबी येथे ४०.३ अंशांची नोंद झाली. त्या उन्हाळ्यातील उष्णतेच्या काळात इंग्लंडमध्ये ६५ वर्षांवरील सुमारे २,८०० जादा मृत्यू झाल्याचा सरकारी अंदाज आहे. तेव्हा माझी आई नागपूरहून आलेली होती. तिने सकाळीच खिडक्या लावून पडदे ओढले. विदर्भातली ही जुनी रीत इथलेही आरोग्य खाते सांगते. पण रात्री वरच्या मजल्यावर तीही बेचैन झाली. "घरी कूलर असतो रे, इथे नुसतं कोंडल्यासारखं होतंय," ती म्हणाली. इथली घरे ऊब धरून ठेवण्यासाठी बांधलेली. दिवसभर तापलेल्या विटा रात्री उष्णता सोडत राहतात, आणि छताला पंखाही नसतो.

तेव्हा काय करावे?

१. वडीलधाऱ्यांच्या खोलीत साधा थर्मामीटर ठेवावा, रेडिएटर व खिडकीपासून दूर. पारा १८ अंशांखाली जाऊ देऊ नये. त्यांना २१ अंश हवे असतील, तर तेवढे ठेवावेत.

२. त्यासाठी सारे घर तापवायला नको. घरातून बाहेर जाणारी उष्णता आतल्या-बाहेरच्या तापमानातील फरकाच्या प्रमाणात असते. बाहेर ५ अंश असताना २१ ऐवजी १८ ठेवले, तर फरक १६ वरून १३ वर येतो, म्हणजे जवळजवळ पाचवा हिस्सा बचत. रिकाम्या खोल्यांतील रेडिएटरचे व्हॉल्व्ह कमी करावेत आणि त्यांची दारे लावून घ्यावीत.

३. एका जाड स्वेटरपेक्षा दोन-तीन पातळ कपडे एकावर एक घालावेत. पायमोजे विसरू नयेत.

४. इथे स्थायिक झालेल्या ज्येष्ठांनी पेन्शन क्रेडिटची चौकशी जरूर करावी. ते मिळणाऱ्यांना, सलग सात दिवस सरासरी तापमान शून्य किंवा त्याखाली राहिल्यास, २५ पौंडांचे कोल्ड वेदर पेमेंट मिळते. व्हिजिटर व्हिसावर आलेल्यांना अशा योजना लागू नाहीत. त्यांच्यासाठी हीटिंगचा खर्च तिकिटाबरोबरच हिशेबात धरावा.

५. उन्हाळ्यात दिवसा पडदे ओढावेत आणि बाहेरची हवा गार झाल्यावर खिडक्या उघडाव्यात. खोली ३५ अंशांच्या वर गेली, तर नुसत्या पंख्यावर विसंबू नये. अंग ओले करावे, ताक-पन्हे-पाणी देत राहावे.

मी इंजिनिअर, डॉक्टर नव्हे. रक्तदाबाची किंवा हृदयाची औषधे चालू असतील, तर ऋतू बदलण्याआधी आपल्या जीपींशी बोलून घ्यावे. थर्मामीटर मात्र याच आठवड्यात आणावा. चार-पाच पौंडांत मिळतो.