गेलेले आटे आणि रोवणीचा ट्रॅक्टर

रामटेककडच्या आमच्या शेतावर पऱ्हे रोवणीला आले होते आणि चिखलणी दुसऱ्या दिवसावर होती. आयटीआयच्या पहिल्या वर्षाला असलेला आमच्या वसतिगृहातला मुलगा ट्रॅक्टरच्या पाण्याच्या पंपाचे बोल्ट घट्ट करत होता. त्यातला एक आवळेना, नुसताच फिरू लागला. ब्लॉकमधले आटे गेले होते. पोराने पाना खाली ठेवला. "भाऊ, मीच जास्त ताणला," एवढेच म्हणाला. आता आपल्याला हाकलणार, असे त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेले होते.

मी बोल्ट काढून मोजला. तो १० मिमीचा निघाला, पण भोक होते तीन सुताचे, म्हणजे ३/८ इंचाचे. आमचा ट्रॅक्टर मूळ इंग्रजी आराखड्याचा आणि त्याचे आटे इंची, एका इंचात १६. दोन आट्यांतले अंतर सुमारे १.५९ मिमी येते. १० मिमीच्या साध्या बोल्टचे १.५. फरक केसाएवढा आहे, म्हणून बोल्ट लागल्यासारखा वाटतो. पान्याने रेटला की जातोही, पण जाताना जुने आटे चिरतो. हे काम कुणीतरी कधीच करून ठेवले होते. त्या पोराच्या हातात फक्त शेवट आला. तसे मी त्याला सांगितले.

अशा वेळी ब्लॉक टाकून द्यावा लागत नाही. हेलिकॉइल नावाची पोलादी तारेची बारीक स्प्रिंग मिळते. भोक थोडे मोठे करायचे, खास टॅपने नवे आटे पाडायचे आणि त्यात ती फिरवून बसवायची. स्प्रिंगच्या आत पुन्हा मूळ मापाचेच आटे मिळतात. ड्रिल संचातलेच हवे, जवळपासचे चालत नाही.

खरी कसोटी सरळपणाची. हातड्रिल किंचित कलले तरी बोल्टचे डोके टेकत नाही. आम्ही जाड पट्टीला त्याच मापाचे भोक पाडले, पट्टी शेजारच्या बोल्टने ब्लॉकवर आवळली आणि त्यातून ड्रिल चालवले. खोलीसाठी ड्रिलला चिकटपट्टी गुंडाळली. टॅप अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. बिडाचा चुरा भुकटीसारखा पडतो, म्हणून टॅपच्या खाचांत ग्रीस भरावे आणि शेजारची तोंडे चिंध्यांनी बंद करावी. भोक नंतर कोरडे पुसावे. बंद भोकात तेल साचलेले असताना बोल्ट आवळला तर तेल दबत नाही, ब्लॉकच तडकतो. हे मी मुलांना दरवेळी सांगतो.

स्प्रिंग पृष्ठभागाखाली पाव ते अर्धा फेरा बसावी. तिच्या तळाचे आडवे टोक हलक्या ठोक्याने तोडून चिमट्याने काढावे. चुंबकावर भिस्त ठेवू नये, या स्टीलला तो नीट धरत नाही.

ड्रिल पोराच्याच हातात दिले होते. पहिल्यांदा त्याचा हात थरथरला, मग स्थिरावला. दिवेलागणीला पंप बसला, पाणी भरले, गळती नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॅक्टर बांधीत उतरला.

आता आमच्या शेडमध्ये बोल्टचे दोन डबे आहेत. एकावर पोराने खडूने 'सूत' लिहिले आहे, दुसऱ्यावर 'मिमी'. पंपाच्या खालच्या अंगाचा आणखी एक बोल्ट मला संशयास्पद वाटतो. तो दिवाळीनंतर पाहू.