फडात सापडलेले मांजरीचे पिल्लू : दूध घेत नसेल तर काय करावे?



या पानावर आम्ही नेहमी बेणे, खत, पाणी आणि खोडवा याविषयी लिहितो. या खेपेला मांजरीच्या पिल्लाविषयी लिहीत आहोत. "साहेबांना उसाची कामं संपली वाटतं," असे कोणी म्हणेल. पण तोडणी सुरू झाली की दर हंगामात कुठल्या ना कुठल्या गटातून निरोप येतोच, "साहेब, हाई पिलू दूध पेस नही." म्हणून एकदा सविस्तर लिहून टाकावे असे ठरविले.

उसाचा फड म्हणजे मांजरीला बाळंतपणाची आयती खोली. आत गारवा असतो, आडोसा असतो आणि उंदीर-घुशींचा तोटा नसतो. मांजर ही आपली बिनपगारी राखणदार आहे. पडलेल्या उसाच्या कांड्या उंदीर कसे कुरतडतात हे आपणांस सांगायला नको. टोळी फडात शिरली, कोयत्याचा आवाज झाला, की मांजरी पळते आणि पिल्ले पाचटात राहतात. कधी मांजरी विषारी आमिष खाऊन किंवा रस्त्यावर गाडीखाली सापडून मरते. मग डोळे न उघडलेले पिल्लू आपल्या हाती येते.

आमच्या हातून झालेली चूक

काही हंगामांपूर्वी पौषातल्या थंडीत एका फडावर टोळीतल्या पोराने दोन पिल्ले टोपीत घालून आणली. दोन्ही गारठलेली होती. आम्ही मोठ्या उत्साहाने किटलीतले म्हशीचे थंड दूध कापसाच्या बोळ्याने एकाच्या तोंडात पिळले. दूध नाकातून बाहेर आले आणि दुपारच्या आत ते पिल्लू गेले. दुसरे पिल्लू टोळीतल्या एका बाईने आमच्या हातून काढून घेतले, पदरात गुंडाळून पोटाशी धरले आणि म्हणाली, "आधी ऊब लागू द्या, दादा. थंड पोटात दूध नाही जिरत." दीड-दोन तासांनी ते ओरडू लागले आणि मग बोट चोखू लागले. ते जगले. पुढे पशुवैद्यकीय डॉक्टरांना विचारले, तेव्हा त्यांनी त्या बाईचेच म्हणणे शास्त्राने समजावून दिले. तेच खाली देत आहोत.

प्रथम पाहा, पिल्लू कोणाचे?

उसात सापडलेले प्रत्येक पिल्लू घरच्या मांजरीचे नसते. रानमांजर उसात वावरते. वाघाटी ही घरच्या मांजरीपेक्षाही लहान असलेली ठिपकेवाली जात आपल्या महाराष्ट्रात उसात आढळते. बिबट्याही उसात पिल्ले घालतो. आपल्याकडे सातपुड्याचा पायथा आणि गिरणेचा काठ यांना बिबट्या नवीन नाही. २०१७ साली चाळीसगाव तालुक्यात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे दगावली, हे सर्वांना आठवत असेल.

तेव्हा ठिपके किंवा पट्टे असलेले, लांब पायांचे, अंगाने दांडगे असे पिल्लू दिसले तर त्याला हात लावू नका. आई मेलेली नसते, ती दिवसा लपलेली असते. तेवढ्या भागातली तोडणी थांबवा, माणसे लांब घ्या आणि वन विभागाच्या १९२६ या निःशुल्क क्रमांकावर कळवा. पुणे जिल्ह्यातील जुन्नर भागात अशी पिल्ले सापडली की वन विभाग आणि माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्राचे लोक ती तपासतात आणि संध्याकाळी सापडल्या जागीच पेटीत ठेवतात. रात्री मादी येऊन ती उचलून नेते. अशी अनेक पिल्ले आईला परत मिळाली आहेत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ प्रमाणे ही पिल्ले घरी पाळणे गुन्हा आहे. "पोरांना खेळायला" म्हणूनही नेऊ नका.

पिल्लू घरच्या मांजरीचे असले तरी घाई करू नका. पिल्ले उबदार आणि शांत असतील तर लांबून काही तास वाट पाहा, आई बहुधा परत येते. पिल्ले गार पडली असतील, सारखी ओरडत असतील किंवा आई मेल्याचे माहीत असेल, तरच उचला. गावात दुसरी मांजरी व्यालेली असेल तर तिच्यासारखी दाई नाही. तिच्या अंथरुणाचे फडके पिल्लाला चोळून तिच्या पिल्लांत सोडून पाहा. पुष्कळदा ती स्वीकारते.

पिल्लाचे वय कसे ओळखावे?

नाळेचा तुकडा पोटाला लोंबत असेल तर पिल्लू चार-पाच दिवसांच्या आतले आहे. डोळे साधारण ७ ते १४ दिवसांत उघडतात. तीन आठवड्यांत कान उभे राहतात आणि दात दिसू लागतात. जन्मतः वजन सुमारे १०० ग्रॅम असते.

पिल्लू दूध का घेत नाही?

सर्वांत मोठे कारण थंडी. पहिले काही आठवडे पिल्लाला स्वतःच्या अंगाची उष्णता राखता येत नाही, ती आईकडूनच मिळते. अंग गार पडले की आतड्यांचे काम थांबते, चोखण्याची आणि गिळण्याची क्रिया मंदावते. अशा वेळी घातलेले दूध पोटात नासते, नाहीतर फुप्फुसात जाते. म्हणजे उपाशी पिल्लू मरण्याआधी आपणच त्याला मारतो.

दुसरे कारण रक्तातली साखर उतरणे. तिसरे अंगातले पाणी कमी होणे. त्याशिवाय टाळू फाटलेली असणे, पिसवांनी रक्त शोषलेले असणे, जंतुसंसर्ग अशीही कारणे असतात. तोंड उघडून टाळू आणि हिरड्या पाहाव्यात. हिरड्या गुलाबी असाव्यात. पांढऱ्या फट्ट असतील तर रक्त कमी आहे असे समजावे.

क्रमाने काय करावे?

१) ऊब. स्वच्छ बोट पिल्लाच्या तोंडात घाला. तोंड आतून गार लागले तर दुधाला हातही लावू नका. पिल्लू कोरडे करून शर्टाच्या आत अंगाशी धरा. नंतर खोक्यात गोधडी घालून, बाटलीत कोमट-गरम पाणी भरून ती टॉवेलात गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवा. दुसरी बाजू गार राहू द्या, म्हणजे जास्त ऊब झाल्यास पिल्लाला सरकता येईल. पहिल्या आठवड्यात खोक्यात ३० ते ३२ अंश सेल्सिअस ऊब हवी. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा दहाच्या खाली उतरतो, तेव्हा बाटली दोन-तीन तासांनी बदलावी लागते. आजकालचा एलईडी दिवा उजेड देतो, ऊब देत नाही, हे ध्यानात ठेवा. चुलीजवळ ठेवू नका, धूर आणि चटका दोन्ही वाईट. फार गारठलेले पिल्लू एकदम तापवू नये, तास-दोन तासांत हळूहळू ऊब येऊ द्यावी. उलट एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्याच्या खोलीत ठेवले तर ते भाजून मरेल. तेव्हा सावली पाहा.

२) साखरपाणी. येथे आपली साखर कामी येते. उकळून कोमट केलेल्या अर्ध्या कप पाण्यात एक चहाचा चमचा साखर विरघळवा. अंग उबदार झाल्यावर बोटाने दोन-तीन थेंब हिरडीला लावा. दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा लावा. पिल्लू जीभ हलवू लागले, ओठ चाटू लागले, की ते दुधाला तयार झाले असे समजा. साखरपाणी हे अन्न नव्हे, फक्त धक्कास्टार्ट आहे.

३) दूध. मांजरीच्या दुधात गायीच्या दुधापेक्षा जवळजवळ दुप्पट प्रथिने असतात. म्हणून नुसत्या गायीच्या दुधावर पिल्लू पोसत नाही आणि हगवणही लागते. पाणी घातलेले दूध तर आणखी निकस. मांजरीच्या पिल्लांसाठीची दूध पावडर जनावरांच्या औषधांच्या दुकानात विचारावी, तीच उत्तम. ती मिळेपर्यंत एक-दोन दिवस शेळीच्या कपभर दुधात अंड्याचा पिवळा बलक घोटून, गाळून, कोमट करून देता येते. प्रत्येक वेळी ताजे घ्यावे, उरलेले टाकावे.

४) पाजण्याची रीत. पिल्लू माणसाच्या बाळासारखे उताणे धरू नये. आईला पिते तसे पोटावर, मान किंचित वर, असे धरावे. सुई काढलेली लहान पिचकारी किंवा ड्रॉपर घ्यावा. जिभेवर एक थेंब टाकावा, गिळल्यावर दुसरा. पिल्लू स्वतः चोखील तेवढेच, जोराने दाबू नये. नाकातून दूध आले तर लगेच थांबून डोके खाली करून नाक पुसावे.

प्रमाण असे : १०० ग्रॅमच्या पिल्लाच्या पोटात एका वेळी चार मिलिलिटरपेक्षा जास्त मावत नाही. पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, दोन ते तीन मिलिलिटर द्यावे. दिवसभरात १०० ग्रॅम वजनाला सुमारे १५ ते २० मिलिलिटर होते. अशक्त पिल्लाला थोडे थोडे, पण वारंवार द्यावे.

५) पुसणे. हे पुष्कळांना माहीत नसते. तीन आठवड्यांपर्यंत पिल्लाला आपणहून लघवी-शी होत नाही, आई चाटते तेव्हा होते. म्हणून प्रत्येक वेळी पाजल्यावर कोमट पाण्यात भिजविलेल्या स्वच्छ कापसाने मागची जागा हळू पुसावी. खानदेशात कापसाला काय तोटा? पण सरकी-कचरा असलेला नको, औषधी कापूस घ्या.

६) वजन. वजनकाट्याचे महत्त्व आपल्या सभासदांना सांगावे लागत नाही. रोज एकाच वेळी ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर वजन करून वहीत लिहा. रोज १० ते १५ ग्रॅम वाढ चांगली. दोन आठवड्यांत वजन दुप्पट व्हावे. एक दिवस वजन घटले तरी सावध व्हावे.

काय करू नये?

पिसवा झाल्या म्हणून पिकावरचे वा गोचिडांचे औषध पिल्लाला लावू नका, बारीक फणीने काढा. ताप वाटला म्हणून माणसांची पॅरासिटामॉलची गोळी कधीही देऊ नका, मांजरीला ती विषच आहे. पिल्लू चावले किंवा ओरबाडले तर जखम वाहत्या पाण्यात साबणाने १५ मिनिटे धुवा आणि लगेच सरकारी दवाखान्यात जाऊन पिसाळी प्रतिबंधक लसीचे विचारा. लहान पोरांना हे आवर्जून सांगा.

डॉक्टरांकडे केव्हा?

ऊब येऊनही दोन तासांत पिल्लू चोखत नसेल, तोंड उघडून श्वास घेत असेल, हिरड्या पांढऱ्या असतील, पोट फुगले असेल, टाळू फाटलेली दिसली किंवा पातळ शी होत असेल, तर घरी खटपट करीत बसू नका. पिल्लू उबेत ठेवूनच पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. डॉक्टर नळीने पोटात दूध घालू शकतात, ते काम आपण करू नये. सारे नीट करूनही काही पिल्ले जात नाहीत असे नाही. आईचा चीक न मिळालेले पिल्लू मुळातच अशक्त असते. त्याचा दोष स्वतःकडे घेऊ नये, पण घाईने दूध पिळण्याचा दोष मात्र टाळता येतो.

शेवटी एक शेतकी गोष्ट

तोडणीपूर्वी फडाच्या कडेने एक फेरी मारा, मुकादमाला सांगून ठेवा. तोडणीनंतर पाचट पेटवू नका. ते सरीत ठेवले तर ओल टिकते आणि कुजून जमिनीला खत मिळते, हे आम्ही दरवर्षी सांगतोच. त्यात आता एवढेच जोडतो की पाचटाखाली कोणाचा तरी संसार असतो. काडी लागली की तो पळू शकत नाही.

फडात पिल्लू सापडले तर गट कार्यालयात कळवा. आमच्याकडून होईल ती मदत करू. तोवर एवढे ध्यानात ठेवा : आधी ऊब, मग साखरपाणी, मग दूध.



— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग