पाना शेवटी

संपादकांना हवी होती चकाकणारी गाडी. रविवारी सकाळी रॅलीत मिरवणारी, क्रोमच्या बंपरात रस्त्याकडेची गर्दी दिसणारी, शेजारी गोल टोपी घातलेला मालक. ‘तिचा जन्म कसा झाला ते लिहा,’ असा त्यांचा निरोप. कुर्ल्यातल्या एका गॅरेजात ती मला दिसली तेव्हा तिची चाकं काढलेली होती, सीट भिंतीला टेकवलेल्या होत्या आणि पोटाखाली एक माणूस गोणपाटावर आडवा पडून बोल्टाच्या डोक्यावर तारेचा ब्रश घासत होता. प्रीमियर पद्मिनी, सत्तरच्या दशकाच्या अखेरची. मी तिथे गेलो ते जन्मकथेसाठी. रमलो त्या बोल्टात.

जन्मकथा तशी ठाऊक असलेलीच. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकेच्या क्रायसलरच्या गाड्या जुळवल्या, मग इटलीच्या फियाटशी करार झाला. १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट आली. तीच पुढे थोडे दिवस प्रेसिडेंट म्हणून वावरली आणि १९७४ पासून पद्मिनी झाली. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर. ती मिळावी म्हणून लोकांनी वर्षानुवर्षं वाट पाहिली. शेवटची काळीपिवळी पद्मिनी वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून उतरली. कारखान्याच्या जागेवर आता कोहिनूर सिटी आहे. इतिहास इथे संपवतो, कारण गोणपाटावरचे मेस्त्री तोवर बाहेर आले होते आणि चहा मागवत होते.

मेस्त्री मूळचे चिपळूणकडचे, साठी ओलांडलेले. कारखान्यात त्यांनी कधी काम केलं नाही, पण तिथून बाहेर पडलेल्या गाड्यांखाली आयुष्य गेलं. हातात पाना नव्हता. मी विचारलं तर म्हणाले, “पाना शेवटी लागतो साहेब. आधी पाना लावला की बोल्ट तुटला समजा.”

लोखंड गंजतं म्हणजे नुसतं झिजत नाही, ते फुगतं. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा लागते. नट आणि बोल्ट यांच्या आट्यांमध्ये मोकळी जागा असते ती मिलिमीटरच्या अंशाएवढी. तिथे गंज धरला की त्याला पसरायला वाव नाही, म्हणून तो दोन्ही बाजूंना रेटतो आणि नट जागच्या जागी आवळत जातो. त्यात मुंबईची हवा. समुद्रावरून येणारं मीठ ओल धरून ठेवतं आणि क्लोराइड गंजाला थांबू देत नाही. शिवाय बोल्ट चांगला असतानाही पान्यावर लावलेल्या जोरापैकी जेमतेम दहावा हिस्सा बोल्ट ताणण्याच्या कामी येतो. बाकी सगळा डोक्याखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणात जातो. गंजल्यावर तर हिशेबच सोडा.

मेस्त्रींचा क्रम ठरलेला. आधी ब्रश, आटे उघडे पडेपर्यंत. मग तेल. रॉकेल मिळेनासं झालं तेव्हापासून डिझेल, त्यात पॉवर स्टिअरिंगचं पातळ ऑइल. गॅरेजात डब्ल्यूडी-४०चा निळा डबाही आहे, पण त्याच्याबद्दल त्यांचं मत फारसं चांगलं नाही. “पाणी काढायला बरं,” म्हणाले. आणि ते खरंच आहे: १९५३ साली सॅन दिएगोत तो फॉर्म्युला तयार झाला तो रॉकेटच्या पत्र्यावरचं पाणी हटवून गंज रोखण्यासाठीच. तेल घातलं की रात्रभर सोडायचं. बारीक फटीतून ते आपोआप आत ओढलं जातं, त्याला फक्त वेळ द्यावा लागतो. सकाळी नटाच्या एका पैलूला जड हातोडा टेकवून ठेवायचा आणि समोरच्या पैलूवर दुसऱ्या हातोड्यानं छोटे, कोरडे ठोके द्यायचे. त्या धक्क्यानं गंजाचा थर तडकतो, तेलाला पुढची वाट मिळते. पुन्हा तेल.

मग पाना, आणि तोही आधी आवळायच्या दिशेनं. केसभर. गंजाची पकड कुठल्याही दिशेनं सुटली तरी चालते, आणि आवळताना आटे नव्या, स्वच्छ जागेवर सरकत नसले तरी चिकटलेला थर मोडतो. मग उलटं. पाव फेरा आला की पुन्हा मागे, पुन्हा तेल. पाना सहा कोनी. बारा कोनी रिंग फक्त कोपऱ्यांना धरते आणि झिजलेल्या डोक्याचे कोपरे गोल करून टाकते. पद्मिनीचे बोल्ट मिलिमीटरच्या मापाचे. १३च्या बोल्टाचं डोकं गंजून बारीक झालं की मेस्त्री त्यावर अर्ध्या इंचाचा सॉकेट हातोड्यानं ठोकून बसवतात. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, नेमका तेवढाच कमी. जीप आणि अँबॅसेडरसाठी घेतलेले इंची पाने त्यांनी भंगारात का दिले नाहीत, ते तेव्हा कळलं.

पण मला सगळ्यात जास्त वेड लावलं ते त्यांच्या डाव्या हातानं. उजव्या हातात पाना, डाव्या हाताची बोटं नटाला टेकलेली. बोल्ट दोन तऱ्हांनी हार मानतो. एकात ‘टक्’ असा आवाज येतो, कधी सुकी किंकाळी, आणि नट एकदम सरकतो; ते शुभ. दुसऱ्यात आवाज नाही, पाना मऊ मऊ फिरत जातो आणि जोर कमी लागतोय असं वाटतं. तेव्हा नट फिरत नसतो, बोल्ट पिळला जात असतो, भाकरीच्या पिठासारखा. आणखी इंचभर, आणि डोकं हातात. हा फरक त्यांच्या डाव्या हाताच्या बोटांना कळतो. शेजारचा पोरगा हवेवर चालणारी गन वापरतो. तिला बोटं नाहीत. गनला शिव्या देण्यात अर्थ नाही, चाकाच्या नटांना तिच्याइतकं झटपट काही नाही. फक्त हे बोटांचं शिक्षण तिच्यातून कोणाला मिळणार नाही, आणि मेस्त्रींच्या हाताखाली त्या पोराशिवाय दुसरं कोणी नाही.

एवढं सगळं शिकून झालं आणि मग मागच्या डाव्या पाटा-स्प्रिंगचा पुढचा बोल्ट आला.

स्प्रिंगच्या डोळ्यात सायलेंट ब्लॉक असतो: मध्ये लोखंडी नळी, तिच्याभोवती रबर. बोल्ट त्या नळीतून आरपार जातो. इथे तो नळीतच गंजून एकजीव झाला होता. पाना फिरवला की बोल्ट फिरे, नळी फिरे, रबर पिळलं जाई आणि सोडल्यावर सगळं परत जागेवर. हातोडा मारला तर धक्का रबर गिळून टाकी. तेल घातलं ते टोकाशीच थांबलं, कारण नळी लांब. उरला गॅस. बोल्टाभोवतीचं लोखंड लालबुंद करावं, ते फुगावं, पकड सुटावी, हा नेहमीचा शेवटचा उपाय. पण इथे रबर पेटतं, काळा धूर होतो, आणि पेट्रोलची टाकी मागेच. टाकी आधी उतरवायची म्हटलं तर तिचेही बोल्ट गंजलेले. मेस्त्रींनी गॅसचं नाव काढणाऱ्या पोराला हातानंच गप्प केलं.

शेवटी हॅकसॉचं नुसतं पातं, एका टोकाला चिंधी गुंडाळून, स्प्रिंग आणि बॉडीच्या मधल्या फटीत. एका वेळी जेमतेम बोटभर मागेपुढे. डोक्याकडची बाजू कापली गेली. दुसऱ्या बाजूला नट बॉडीच्या पेटीत आतून वेल्ड केलेला. या गाडीला वेगळी चासी नाही. दुमडलेल्या पत्र्याच्या पेट्याच सगळं वजन तोलतात. बोल्टाचा उरलेला तुकडा पकडून फिरवला तर आतल्या नटाचं वेल्ड सुटलं आणि नट पेटीच्या आत गरगर फिरू लागला. तिथे हात जात नाही, पाना जात नाही. मेस्त्रींनी पेटीला खिडकी कापली. आत दिसला तो पत्रा नव्हता, तपकिरी पापुद्रे होते. बोल्ट गंजला होता, पण शाबूत होता. त्याला धरून ठेवणारी गाडीच विरत चालली होती. मग पापुद्रे खरवडणं, नवा पत्रा बेतून जोडणं, नवा नट, त्याच्या आट्यांना तांब्याचं ग्रीस. बिलात या सगळ्याची ओळ एकच: ‘मागचा बोल्ट बदलला.’

मालक संध्याकाळी आले. बिलावरची ती ओळ त्यांनी दोनदा वाचली. मग म्हणाले, “मेस्त्री, उजवीकडचा राहू द्या की. निघत नाही म्हणजे घट्टच आहे.”

मेस्त्रींनी त्यांना खाली वाकायला लावलं, बॅटरी मारली आणि उजवीकडच्या पेटीला स्क्रू-ड्रायव्हरचं टोक लावून अंगठ्यानं दाबलं. टोक मुठीपर्यंत आत गेलं.

“किती होतील?” मालकांनी विचारलं.