बोट कुणासाठी थांबत नाही

सम्राट अशोकाची कन्या संघमित्रा बोधिवृक्षाची फांदी घेऊन समुद्रमार्गे सिंहलद्वीपाला गेली. जंबुकोल बंदरात तिचे जहाज लागले, तेव्हा राजा देवानंपिय तिस्स स्वागतासाठी गळ्याइतक्या पाण्यात उतरला, असे ‘महावंस’ सांगतो. आज आपण बोटीने श्रीलंकेला गेलो तर स्वागताला राजा नसतो. रांग असते, टोकन असते आणि पासपोर्टची तपासणी असते. त्या रांगेत आमचे अडीच तास गेले आणि एका उपासिकेची आयुष्यभराची इच्छा हुकता हुकता राहिली. म्हणून हा लेखनप्रपंच.

जून २०२३ मध्ये चेन्नईहून हंबनटोटा, त्रिंकोमाली आणि कांकेसंतुराई या श्रीलंकेच्या बंदरांकडे प्रवासी बोट जाऊ लागली. त्याच हंगामात आमच्या विहारातील आठ जणांनी दरमहा थोडे थोडे साठवलेल्या पैशांतून ही सफर केली. आमच्यात सर्वांत वडील होत्या ६८ वर्षांच्या मावशी. यजमान गिरणीत होते. ते गेल्यावर मावशींनी पोळ्या लाटून संसार उभा केला. परमपूज्य बाबासाहेब १९५० साली ज्या देशात जागतिक बौद्ध परिषदेला गेले, तो देश डोळ्यांनी पाहायचा आणि तिथल्या एका तरी स्तूपाला फूल वाहायचे, एवढेच त्यांचे मागणे होते.

हंबनटोटा बंदरापासून तिस्समहारामचा स्तूप साधारण ३०-३५ किलोमीटर. राजा कावनतिस्स याने तो इसवी सन पूर्व दुसऱ्या शतकात बांधला, अशी परंपरा आहे. तिथून पुढे अर्ध्या-पाऊण तासावर कतरगामचे किरी विहार. बोटीवरच्या कंपनीच्या सहलीचे दर ऐकून आमचे डोळे पांढरे झाले. आम्ही फोनवरून एक व्हॅन ठरवली. आठ जणांत वाटून खर्च निम्म्यापेक्षाही कमी आला. हिशेब चोख होता. चुकला तो वेळेचा.

कार्यक्रमपत्रिकेत ‘आगमन सकाळी ८’ असे छापले होते. आम्ही व्हॅनवाल्याला साडेआठची वेळ दिली. पण आगमन म्हणजे बोट बंदरात येणे, आपण जमिनीवर पाय ठेवणे नव्हे! बोट धक्क्याला बांधली जाते, बंदराचे अधिकारी वर येतात, कागदपत्रे तपासतात आणि परवानगी मिळाल्यावरच शिडी उघडते. मग पहिल्यांदा कंपनीच्या सहलीचे पैसे भरलेले प्रवासी उतरतात. आपल्यासारख्या स्वतंत्र फिरणाऱ्यांचा नंबर त्यानंतर. हजार-दीड हजार माणसे आणि उतरायला एक-दोनच वाटा. आम्ही खाली आलो तेव्हा साडेदहा वाजले होते. बाहेरच्या गाड्या धक्क्यापर्यंत येऊ देत नाहीत, म्हणून बंदराच्या बसने फाटकापर्यंत जाण्यात आणखी वीस मिनिटे गेली. व्हॅनवाला थांबला होता, हे त्याचे उपकार.

मतदान झाले

तिस्समहारामला पोचलो तेव्हा बारा वाजत आले होते. शुभ्र स्तूप उन्हात झळकत होता. तिथे चपला आणि टोप्या बाहेर काढाव्या लागतात. फरशी इतकी तापली होती की मावशींनी पायमोजे घातले, हे बरे झाले. त्यांनी कमळाचे फूल वाहिले, त्रिसरण-पंचशील म्हटले आणि बराच वेळ डोळे मिटून बसल्या. शेजारच्या सिंहली बाईने त्यांना हाताला धरून सावलीत नेले. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण ‘बुद्धं सरणं गच्छामि’ दोघींचे एकच होते.

मग तरुण मंडळींनी कतरगामचा आग्रह धरला. “इतक्या लांब आलो, पुन्हा कधी येणार?” त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. आम्ही कागद काढून उलटा हिशेब मांडला. बोट सुटणार ५ वाजता. सर्वांनी परत चढण्याची शेवटची वेळ ४. फाटकावर तपासणीला अर्धा तास, रस्त्याला तास, अडचणीसाठी तास. म्हणजे दीड वाजता परत फिरलेच पाहिजे. हात वर करून मतदान घेतले. पाच विरुद्ध तीन मतांनी कतरगाम रद्द झाले. तिघे व्हॅनमध्ये तोंड फुगवून बसले.

वाटेत व्हॅनचे चाक पंक्चर झाले. जादा चाकातही हवा कमी होती. सगळे उरकेपर्यंत पन्नास मिनिटे गेली. आम्ही शिडीपाशी पोचलो तेव्हा चार वाजायला बारा मिनिटे होती. कतरगामला गेलो असतो तर बोट आमच्या डोळ्यांदेखत गेली असती. तोंड फुगवलेल्या तिघांनी वर गेल्यावर सर्वांना चहा पाजला.

निघण्यापूर्वी लक्षात ठेवा

कंपनीची सहल उशिरा आली तर बोट सहसा तिच्यासाठी थांबते. स्वतंत्र गेलेल्यासाठी थांबत नाही. मग पुढचे बंदर स्वतःच्या खर्चाने गाठावे लागते. पाणी उथळ असेल तर बोट दूर नांगर टाकते आणि लहान होड्यांनी किनाऱ्याला नेतात. पूर्वी कोकणच्या बोटीतून पडावात उतरलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांना हे ठाऊक आहे. अशा ठिकाणी आणखी वेळ धरावा आणि होडीचे टोकन सकाळी लवकर घ्यावे.

गाडीवाल्याला छापील आगमनानंतर किमान दोन तासांनी बोलवावे. दिवसाच्या पत्रिकेवर बंदरातील एजंटचा फोन नंबर असतो, तो लिहून घ्यावा. पासपोर्टची झेरॉक्स जवळ ठेवावी. श्रीलंकेचे घड्याळ आपल्याइतकेच चालते, पण इतर देशांत फरक पडतो, म्हणून बोटीवरचीच वेळ धरावी. व्हिसाचे नियम बदलतात, ते निघण्यापूर्वी तपासावेत. पौर्णिमेला तिथे सुटी असते आणि विहारांत मोठी गर्दी होते. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढू नये.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे जवळचे एकच ठिकाण निवडावे आणि ते नीट पाहावे. आपल्या माणसांना आयुष्यात एकदाच असा प्रवास घडतो, म्हणून सगळेच एका दिवसात पदरात पाडून घेण्याचा मोह होतो. तो मोह आवरणे, सर्वांनी मिळून निर्णय घेणे आणि घेतलेला निर्णय पाळणे, हीसुद्धा बाबासाहेबांनी आपल्याला शिकवलेली शिस्तच आहे.

बोट सुटली तेव्हा मावशी कठड्याला धरून उभ्या होत्या. आम्ही विचारले, “मावशी, कतरगाम राहिले, वाईट वाटते का?” त्या म्हणाल्या, “मी एक फूल घेऊन आले होते बाबा. ते पोचले.”

जय भीम!