सर्व्हर चालू आहे, पण पेडणे सापडते का?

गोव्यातल्या गावांची माहिती शोधून देणारे संकेतस्थळ बांधायला घेतले की खरी अडचण यंत्राची नसते, नावांची असते. मराठीतले पेडणे कोकणीत पेडणें होते आणि रोमन लिपीत पेर्नेम. डिचोलीला कोकणीत दिवचल म्हणतात. रोमन अक्षरांत तीच बिचोलिम. हे दोन्ही तालुके पोर्तुगिजांच्या ताब्यात अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, ‘नव्या काबिजादी’त आले आणि १९६१ पर्यंत राहिले, पोर्तुगीज वळणाची स्पेलिंगे मात्र अजून टिकून आहेत. पुढे १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणी राजभाषा झाली आणि सरकारी कामकाजात मराठीच्या वापरालाही मुभा मिळाली. त्यामुळे एकाच गावाच्या नोंदी दोन भाषांत आणि दोन लिप्यांत विखुरलेल्या असतात. अशा ठिकाणी विकासकाने आपल्या संगणकावर चाचणीसाठी बसवलेला शोध-सर्व्हर धडधाकट आहे की नाही, हे तो सुरू होतो का एवढ्यावरून ठरवता येत नाही. इथला माणूस जो शब्द टाइप करील तो त्याला सापडतो का, हीच सर्व्हरची खरी तपासणी.

या सर्व्हरांच्या पोटात बहुधा ल्युसिन हे डग कटिंग यांनी १९९९ मध्ये लिहिलेले सॉफ्टवेअर असते. २००४ मध्ये सुरू झालेले सोलर आणि २०१० मध्ये आलेले इलॅस्टिकसर्च ही दोन्ही त्याच्यावरच उभी आहेत. पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते तशी सूची ल्युसिन तयार करते: कुठला शब्द कुठल्या नोंदीत आहे, याची. शोधताना मूळ मजकूर चाळला जात नाही, ही सूचीच पाहिली जाते. मराठीची गोम इथेच आहे. ‘पेडणे’ला विभक्ती लागली की ‘पेडण्यात’, ‘पेडण्याहून’, ‘पेडण्यातील’ अशी रूपे होतात आणि साध्या मांडणीत सूचीच्या लेखी हे सगळे निरनिराळे शब्द. ल्युसिनबरोबर हिंदीसाठी शब्दाचे मूळ रूप काढणारे नियम मिळतात, पण मराठी सामान्यरूपे त्यांच्या आवाक्यातली नाहीत. भरीस भर म्हणून ‘किनाऱ्यावर’मधला ‘ऱ्य’ पडद्यावर एकसारखाच दिसला तरी संगणकात वेगवेगळ्या संकेतांनी साठवलेला असू शकतो. मग शोध रिकामा येतो, विकासक सर्व्हर पुन्हा सुरू करतो आणि काहीच बदलत नाही. बदलणार तरी कसे? बिघाड यंत्रात नव्हताच.

यंत्राचे बिघाड असतात, नाही असे नाही. सर्व्हर सुरूच होत नसेल तर आधी लॉग वाचावा. सोलरचे ८९८३ किंवा इलॅस्टिकसर्चचे ९२०० हे पोर्ट दुसऱ्याच कशाने अडवले आहे का, ते पाहावे. सूचीला कुलूप लागल्याचा संदेश आला की कुलपाची फाइल पुसून टाकण्याचा मोह होतो. तो आवरावा, बहुतेक वेळा सर्व्हरची जुनी प्रत मागे चालू असते आणि ती बंद करणे हाच उपाय असतो. आणखी एक फसवा प्रकार म्हणजे शोध चालतो, पण नवी नोंद आत जात नाही. इलॅस्टिकसर्चमध्ये डिस्क साधारण ९५ टक्के भरली की सूचीत नवे लिहिणे थांबवले जाते, मग ती डिस्क लग्नाच्या व्हिडिओंनी का भरलेली असेना. स्मृतीच्या बाबतीतही हात सैल सोडू नये: निम्म्याहून अधिक रॅम सर्व्हरला दिली तर फाइली जवळ ठेवायला ऑपरेटिंग सिस्टिमकडे जागा उरत नाही आणि शोध उलट मंदावतो. पण सगळ्यांत जास्त गोंधळ उडतो तो शब्द तोडण्याचे नियम बदलून सूची तशीच ठेवल्याने. जुन्या नोंदी जुन्या नियमाने बसलेल्या असतात, नव्या नव्या नियमाने; अर्धे सापडते, अर्धे नाही. म्हणून मूळ माहिती वेगळी, सुरक्षित ठेवावी आणि सूची केव्हाही पुसून नव्याने बांधता येईल अशी तजवीज पहिल्याच दिवशी करावी. पावसाळ्यात वीज गेली तरी मग घाबरायचे कारण राहत नाही.

एवढा खटाटोप कशाला, तयार क्लाउड सेवा घ्यावी, असे कोणी म्हणेल. जरूर घ्यावी, पण साखळी आणि सांक्वेलिम एकच, हरमल आणि आरांबोल एकच, हे त्या सेवेलाही कुणीतरी सांगावेच लागेल. समानार्थी नावांची ती यादी मोडून-जोडून पाहायला आपल्या टेबलावरचा सर्व्हर बरा. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: काहीशे नोंदींसाठी डेटाबेसमध्ये ‘पेडण’ ही अक्षरे शोधली तरी काम भागते. ते खरेच आहे, आणि तेवढ्यासाठी शोध-सर्व्हर बसवू नये. मात्र ‘दिवचल’ लिहिणाऱ्याला डिचोलीची नोंद द्यायची असेल आणि तीही निकालात वरच्या क्रमांकावर, तर अक्षरे जुळवून ते साधत नाही.

तेव्हा पेडणे किंवा डिचोली तालुक्यासाठी असे काही बांधणाऱ्यांनी सर्व्हर उतरवून घेण्याआधीच वीसेक शब्दांची एक फाइल करावी: मोरजी, धारगळ, मये, नार्वे ही नावे, त्यांची रोमन आणि कोकणी रूपे, शिवाय प्रत्यय लागलेली. प्रत्येक बदलानंतर ती चालवून पाहावी, आणि एकही शब्द हुकला तर सर्व्हर बिघडलेला आहे असेच धरावे.