रजोनिवृत्तीनंतरचे मलम आणि पहिले पंधरा दिवस

पाळी जाऊन पाच-सहा वर्षे झालेली स्त्री स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जाते, ती बहुधा लघवीची तक्रार घेऊन. वारंवार जावे लागते, आग होते. तपासणीत कधी जंतुसंसर्ग निघतो, कधी काहीच निघत नाही. योनिमार्गातील कोरडेपणा, खाज, पतीशी संबंध येताना होणाऱ्या वेदना या गोष्टी तिच्या तोंडून निघतात त्या अगदी शेवटी, सोबत आलेला मुलगा किंवा सून बाहेर गेल्यावर. डॉक्टर तपासतात आणि इस्ट्रोजेन असलेले मलम लिहून देतात. रात्री ती ते लावते आणि पाचच मिनिटांत आग होऊ लागते. दुसऱ्या रात्रीही तेच. तिसऱ्या दिवशी खोक्यातला बारीक अक्षरांचा कागद घरातील कोणीतरी वाचून दाखवतो. त्यात कर्करोग, हृदयविकार, पक्षाघात असे शब्द असतात. मलमाची नळी कपाटात जाते, ती कायमचीच.

असे अर्ध्यावर सोडलेले उपचार स्त्रीरोगतज्ज्ञांना नेहमी पाहावयास मिळतात. त्यांतील बहुतेक स्त्रियांना जो त्रास झाला तो औषध मानवत नसल्याचा पुरावा नव्हता. ज्या दुखण्यासाठी औषध दिले, त्या दुखण्यानेच तो त्रास होत होता. हा फरक मलम देतानाच कोणी समजावून सांगितला असता, तर पुढची अनेक वर्षे सुसह्य झाली असती.

अस्तर पातळ का होते?

भारतीय स्त्रियांची पाळी सरासरी सेहेचाळीस-सत्तेचाळीसाव्या वर्षी थांबते. पाश्चात्त्य देशांत हे वय एक्कावन्नच्या आसपास आहे. म्हणजे आपल्याकडील स्त्रीला इस्ट्रोजेनविना जगावे लागणारा काळ लवकर सुरू होतो. ज्यांचे गर्भाशय, आणि त्याबरोबर बीजकोशही, शस्त्रक्रियेने काढले जातात त्यांच्या बाबतीत तो एका दिवसात सुरू होतो. बीड जिल्ह्यात ऊसतोडणी कामगार स्त्रियांच्या २०१९ मधील सर्वेक्षणात सुमारे ब्याऐंशी हजार स्त्रियांपैकी तेरा हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले होते. अशा अनेकींना ऐन तिशी-पस्तिशीतच हा कोरडेपणा गाठू शकतो, आणि या वयात असे काही होत असेल अशी शंकाही कोणाला येत नाही.

योनिमार्गाचे अस्तर इस्ट्रोजेनवर पोसले जाते. हे संप्रेरक असते तोवर अस्तर जाड, लवचीक आणि ओलसर राहते. त्याच्या पेशींत ग्लायकोजेन नावाची शर्करा साठते. लॅक्टोबॅसिलस जातीचे उपकारक जीवाणू या शर्करेच्या आधाराने जगतात व आम्ल तयार करतात. त्या आम्लतेमुळे घातक जंतूंना तेथे थारा मिळत नाही. इस्ट्रोजेन आटले की ही सारी साखळी तुटते. अस्तर कागदासारखे पातळ होते, आम्लता घटते, एरवी आतड्यात राहणारे जंतू योनिमार्गात आणि तेथून मूत्रमार्गात शिरतात. लघवीच्या तक्रारींचे मूळ बऱ्याचदा येथे असते. म्हणूनच २०१४ मध्ये या विषयातील तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी या विकाराला दिलेल्या नव्या नावात जननमार्गाबरोबर मूत्रमार्गाचाही उल्लेख केला.

अंगातून वाफा येणे, घाम फुटणे हे रजोनिवृत्तीचे त्रास काही वर्षांनी बहुधा ओसरतात. कोरडेपणाचे तसे नाही. तो आपोआप बरा होत नाही, वयाबरोबर वाढतो. योनिमार्गात थेट लावायचे अल्प मात्रेतील इस्ट्रोजेन हा त्यावरील सर्वांत परिणामकारक उपचारांपैकी एक आहे. आपल्याकडे ते प्रामुख्याने मलमाच्या रूपात दिले जाते आणि त्यात बहुधा इस्ट्रिओल हे सौम्य इस्ट्रोजेन असते. काही मलमांत संयुक्त इस्ट्रोजेन असते, तर योनीत ठेवण्याच्या बारीक गोळ्यांत इस्ट्रॅडिऑल असते. सर्वसाधारण रीत अशी की पहिले दोन आठवडे रोज रात्री आणि त्यानंतर आठवड्यातून दोनदा. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासात, वारंवार मूत्रसंसर्ग होणाऱ्या ९३ स्त्रियांपैकी काहींना इस्ट्रिओलचे मलम व काहींना औषधविरहित मलम दिले गेले. पहिल्या गटात वर्षाला सरासरी ०.५ वेळा संसर्ग झाला, दुसऱ्या गटात ५.९ वेळा. इतका मोठा फरक फार थोड्या औषधांच्या वाट्याला येतो.

आग होते ती कशाने?

आता त्या पहिल्या रात्रीच्या आगीकडे वळू. अस्तर पातळ झालेले असते, त्यावर डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक भेगा असतात. भेगाळलेल्या टाचेला साबणही झोंबतो, तसाच हा प्रकार. बरेचदा झोंबते ते इस्ट्रोजेन नव्हे, तर मलमाचा पाया. मलम मऊ राहावे, टिकावे म्हणून त्यात प्रॉपिलीन ग्लायकॉलसारखी द्रव्ये व परिरक्षके घातलेली असतात. निरोगी अस्तराला त्यांचे काही वाटत नाही. सोललेल्या अस्तराला वाटते. ही जळजळ सहसा थोड्या वेळात शमते आणि दोन-तीन आठवड्यांत अस्तर जाड होऊ लागले की कमी कमी होत जाते. पूर्ण गुण येण्यास मात्र आठ ते बारा आठवडे लागतात. म्हणजे सर्वाधिक त्रास होण्याचा काळ आणि सर्वांत कमी गुण दिसण्याचा काळ हे नेमके एकच असतात. औषध सोडले जाते ते याच पंधरवड्यात.

आग असह्य असेल तर ती मुकाट्याने सोसावी, असा याचा अर्थ नाही. डॉक्टरांना सांगितल्यास बरेच काही करता येते. काही दिवस आधी केवळ संप्रेरकविरहित ओलावा देणारे जेल वापरून मग मलम सुरू करता येते. प्रारंभी मात्रा कमी ठेवता येते, किंवा मलमाऐवजी गोळी देता येते, कारण गोळीत तो मलमाचा पाया नसतो. प्लास्टिकची नळी घुसवताना दुखत असेल तर ती खोलवर नेण्याची गरज नाही. स्वच्छ धुतलेल्या बोटाच्या टोकाने, बाहेरच्या भागापासून सुरुवात करून लावले तरी चालते का, हे विचारून घ्यावे. बहुधा होकारच मिळतो.

येथे एका घरगुती सवयीचा उल्लेख आवश्यक आहे. खाज सुटली की तुरटीच्या पाण्याने, जंतुनाशक द्रव घातलेल्या पाण्याने किंवा सुगंधी साबणाने जागा धुण्याची रीत अनेक घरांत आहे. तुरटी आकसवते व कोरडे करते. जंतुनाशक द्रव उरलेसुरले उपकारक जीवाणूही मारतो. दिवसा असे धुवायचे आणि रात्री मलम लावायचे, म्हणजे एका हाताने बांधायचे व दुसऱ्याने पाडायचे. आग मात्र मलमाच्या नावावर जमा होते. बाहेरून साधे पाणी पुरेसे असते.

आगीच्या खालोखाल तक्रार येते ती अंगावरून पांढरे जाण्याची. यातील बराचसा भाग वितळून बाहेर येणारे मलमच असते. म्हणून ते झोपण्यापूर्वी लावावे, लावून लगेच हिंडू-फिरू नये. शिवाय अस्तर नव्याने वाढू लागले की त्याच्या पेशी झडू लागतात आणि कित्येक वर्षे बंद असलेला नैसर्गिक स्राव पुन्हा सुरू होतो. पांढरट, दुर्गंधी नसलेला, खाज न आणणारा स्राव हे औषध लागू पडत असल्याचे लक्षण मानले जाते.

परंतु आराम पडू लागल्यावर तीन-चार आठवड्यांनी अचानक पुन्हा तीव्र खाज सुटली आणि दह्याच्या गाठींसारखा स्राव जाऊ लागला, तर ते निराळे. पेशींत ग्लायकोजेन परतले की कँडिडा ही बुरशीही परतू शकते. मधुमेही स्त्रियांत, विशेषतः रक्तातील साखर आटोक्यात नसताना, हे अधिक घडते. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या चालू असतील तर आणखीच. अशा वेळी बुरशीवर औषध घेऊन इस्ट्रोजेन पुढे चालू ठेवता येते का, ते डॉक्टर ठरवतात. औषधाच्या दुकानातून स्वतःच्या मनाने 'खाजेचे मलम' आणणे मात्र धोक्याचे. अशा मिश्र मलमांत पुष्कळदा तीव्र स्टिरॉइड असते, ते कातडी अधिकच पातळ करते. शिवाय खाजेबरोबर त्वचा पांढुरकी, चकाकती व आवळल्यासारखी झाली असेल तर तो लायकेन स्क्लेरोसस नावाचा स्वतंत्र विकारही असू शकतो. त्याची पारख डोळ्यांनी पाहिल्यावाचून होत नाही.

अंगात किती भिनते?

काहींना पहिल्या एक-दोन आठवड्यांत स्तन जड वाटतात, डोके दुखते, क्वचित मळमळते. याचेही कारण पातळ अस्तरच. त्यातून औषध आरंभी रक्तात थोडे अधिक उतरते. अस्तर जाड झाले की ते शोषण घटते. अल्प मात्रेच्या नेहमीच्या वापरात रक्तातील इस्ट्रोजेनची पातळी रजोनिवृत्तीनंतरच्या सामान्य मर्यादेतच राहते, असे आढळले आहे. अट एवढीच, की मात्रा अल्पच असावी. इस्ट्रिओलच्या नेहमीच्या मलमात एका ग्रॅमला एक मिलिग्रॅम औषध असते आणि एका वेळची मात्रा अर्धा ग्रॅम. लावण्याच्या नळीवर त्यासाठी खूण असते. खूण न पाहता अख्खी नळी भरून लावणाऱ्या स्त्रिया थोड्या नाहीत, कारण ती खूण कोणी त्यांना दाखवलेलीच नसते. संयुक्त इस्ट्रोजेनचे मलम अशा रीतीने वापरले, तर अंगात भिनणारे प्रमाण दुर्लक्ष करण्याजोगे राहत नाही.

खोक्यातल्या त्या कागदाचे मूळ अमेरिकेत आहे. 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या प्रचंड अभ्यासाचा एक भाग जुलै २००२ मध्ये मुदतीपूर्वी थांबवावा लागला. सोळा हजारांहून अधिक स्त्रिया त्यात होत्या आणि तोंडावाटे इस्ट्रोजेन व प्रोजेस्टिन एकत्र घेणाऱ्यांत स्तनाचा कर्करोग, हृदयविकार, पक्षाघात यांचे प्रमाण वाढलेले दिसले. त्यानंतर अमेरिकेत इस्ट्रोजेन असलेल्या सर्वच औषधांवर ठळक चौकटीतील इशारा आला. रोज पोटात जाणारी गोळी आणि आठवड्यातून दोनदा लावायचे अर्धा ग्रॅम मलम यांना एकच कागद लागू झाला. याच अभ्यासप्रकल्पातील, योनिमार्गातून इस्ट्रोजेन वापरणाऱ्या स्त्रियांची पाहणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा या रोगांचे प्रमाण न वापरणाऱ्यांपेक्षा वाढलेले आढळले नाही. अखेर नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने रजोनिवृत्तीवरील संप्रेरक औषधांवरून हृदयविकार, स्तनाचा कर्करोग व स्मृतिभ्रंश यांविषयीचे चौकटीतील इशारे काढण्याची घोषणा केली. मध्ये तेवीस वर्षे गेली. तेवढ्या काळात किती नळ्या कपाटात पडून राहिल्या असतील, याची गणती कोणी केलेली नाही.

ज्यांना स्तनाचा कर्करोग होऊन गेला आहे त्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्यापैकी लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोल यांसारख्या गोळ्या चालू असलेल्या स्त्रियांच्या उपचाराचा हेतूच शरीरातील इस्ट्रोजेन जवळजवळ नाहीसे करणे हा असतो. तेथे थोडेसे शोषणही महत्त्वाचे ठरू शकते, म्हणून कर्करोगतज्ज्ञांच्या संमतीशिवाय हे मलम लावू नये. प्रथम संप्रेरकविरहित जेल वापरून पाहण्याचाच सल्ला त्यांना दिला जातो.

लाल डाग दिसला तर

आग, स्राव, स्तनांचे जडपण यांची वाट पाहता येते. रक्ताची पाहता येत नाही. मलम लावताना नळी पातळ अस्तराला घासून एखादा ठिपका येऊ शकतो, हे खरे. पण तो तेथूनच आला हे घरी ठरवता येत नाही. रजोनिवृत्तीनंतर रक्तस्राव झालेल्या स्त्रियांपैकी साधारण दहात एकीला गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग आढळतो. उरलेल्या नऊजणींचे कारण बहुधा साधे असते. त्या दहावीचा रोग लवकर सापडला तर बरा होण्याची शक्यता मोठी असते. योनिमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत गर्भाशयाचे अस्तर चार मिलिमीटर किंवा त्याहून कमी जाड असेल तर बहुधा चिंता मिटते. अधिक असेल, किंवा रक्त पुन्हा दिसले, तर अस्तराचा तुकडा तपासावा लागतो. 'मलमामुळे गरम पडले असेल' असे म्हणत महिनोन्‌महिने थांबणाऱ्या स्त्रिया आहेत. मलम सुरू करण्यापूर्वीच असा डाग कधी दिसला असेल, तर तोही लाज न बाळगता सांगायला हवा.

याखेरीज ताप, थंडी, कंबरेत दुखणे यांसह लघवीची आग झाल्यास लघवी तपासून घ्यावी. अंगावर पित्त उठणे, ओठ सुजणे ही अ‍ॅलर्जीची लक्षणे असून ती दिसताच औषध बंद करून डॉक्टरांकडे जावे. संबंधापूर्वी वंगण म्हणून हे मलम वापरू नये. त्यासाठी निराळी जेल मिळतात.

पंधरा दिवस रोजचे संपले की आठवड्यातून दोनदाचा क्रम सुरू होतो. येथेही अनेकींचा घोटाळा होतो. बरे वाटले म्हणून त्या थांबतात, काही आठवड्यांत कोरडेपणा परततो, पुन्हा पातळ झालेल्या अस्तरावर पुन्हा मलम आणि पुन्हा तीच पहिल्या रात्रीची आग. सोमवार-गुरुवार असे दोन वार ठरवून घेतल्यास विसर पडत नाही. साधारण तीन महिन्यांनी फेरतपासणीला जाताना मलम आणि ते लावण्याची नळी सोबत न्यावी, आणि आपण किती खुणेपर्यंत भरतो ते डॉक्टरांना प्रत्यक्ष दाखवावे.