किडनी मंदावली, आता मंडईतून काय आणायचं?

साठी-सत्तरीतल्या माणसाच्या रक्ताच्या रिपोर्टवर ‘क्रिएटिनिन १.४’ असा आकडा ठळक अक्षरांत आला की घरात पहिली कुऱ्हाड पडते ती भाजीच्या पिशवीवर. टोमॅटो नको, पालक नको, बटाटा नको, केळं नको आणि डाळ तर नकोच. कुणा नातेवाइकाला डॉक्टरांनी दिलेली यादी व्हॉट्सअ‍ॅपवरून येते आणि फ्रिजच्या दारावर चिकटते. दोन-तीन महिन्यांत आजोबांचं वजन चार किलोने उतरतं, आणि त्याचा दोषही किडनीच्याच माथी मारला जातो.

पुण्याच्या महात्मा फुले मंडईत या यादीतल्या सगळ्या वस्तू एकाच फेरीत भेटतात. पूर्वी शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात भरणारा बाजार १८८६ मध्ये या अष्टकोनी मनोऱ्याच्या दगडी इमारतीत आला. तेव्हा गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने तिला रे मार्केट म्हणत. आत ओट्यांवर दुधी, दोडका, पडवळ, वांगी, सुरण. बाहेर पालेभाज्यांच्या जुड्या, फळांच्या गाड्या, शहाळी. किडनीचं काम कमी झालेल्या माणसाने इथून रिकाम्या हाताने परतायचं काहीच कारण नसतं. मात्र कोणती वस्तू टाळायची आणि कोणती मजेत खायची हे रिपोर्टवरच्या तीन-चार आकड्यांवर ठरतं, आणि ते आकडे प्रत्येकाचे वेगळे असतात.

आधी रिपोर्ट नीट वाचू

क्रिएटिनिन हा स्नायूंच्या रोजच्या झिजेतून तयार होणारा कचरा. किडनी तो गाळून लघवीत टाकते. गाळणी मंदावली की तो रक्तात साठतो. पण ज्याचे स्नायू कमी, त्याच्या शरीरात कचराही कमी तयार होतो. म्हणून नुसता क्रिएटिनिनचा आकडा म्हातारपणी फसवतो. तीस वर्षांच्या तरुणाचं क्रिएटिनिन १.२ असेल तर त्याची किडनी मिनिटाला साधारण ८३ मिलिलिटर रक्तद्रव गाळते असा हिशेब निघतो. पंचाहत्तरीतल्या बाईंचं क्रिएटिनिन तेवढंच १.२ असेल, तर हाच हिशेब ४७ च्या आसपास येतो. या हिशेबाच्या आकड्याला ईजीएफआर म्हणतात आणि बहुतेक लॅब तो रिपोर्टवर छापतात.

ईजीएफआर सलग तीन महिने ६० च्या खाली राहिला, किंवा लघवीतून अल्ब्युमिन हे प्रथिन सतत जात राहिलं, तर त्याला किडनीचा जुनाट आजार म्हणतात. ४५ ते ५९ हा तिसऱ्या टप्प्याचा पहिला भाग, ३० ते ४४ दुसरा. १५ ते २९ चौथा टप्पा आणि १५ च्या खाली पाचवा. एकाच वेळच्या तपासणीवरून निदान करत नाहीत, कारण जुलाब, ताप किंवा पाणी कमी पडणं यांनीही आकडा तात्पुरता घसरतो.

लघवीतल्या अल्ब्युमिनची तपासणी मात्र अनेकदा राहूनच जाते. ती स्वस्त आहे आणि पुढचं भविष्य क्रिएटिनिनइतकंच सांगते. ईजीएफआर ५० असलेल्या, पण लघवीत अल्ब्युमिन नसलेल्या ऐंशीच्या आजींची किडनी बहुधा फार हळू उतरते. अशा अनेकांवर डायलिसिसची वेळ कधी येतच नाही. त्यांना जास्त धोका हृदयविकाराचा असतो. त्यामुळे रक्तदाब, साखर आणि मीठ हे तिघं टोमॅटोच्या कितीतरी पुढे बसतात.

मीठ: सुरुवात इथून

जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा म्हणते, म्हणजे एक सपाट छोटा चमचा. जगात सरासरी खाल्लं जातं त्याच्या जवळपास दुप्पट. घरचा अंदाज घ्यायला एक सोपा हिशेब आहे. चार माणसांच्या घरात प्रत्येकी पाच ग्रॅम धरलं तर एक किलोची पुडी पन्नास दिवस पुरायला हवी. ती महिन्यात संपत असेल तर माणशी आठ ग्रॅमच्या वर गेलं, आणि यात बाहेरून आलेलं लोणचं, पापड, फरसाण, खारी, पाव यांतलं मीठ धरलेलंच नाही. पापडखार आणि खायचा सोडा यांतही सोडियमच असतं, चव खारट लागो वा न लागो.

इथे दोन चकवे आहेत. पहिला सैंधवाचा. सैंधव म्हणजे खाणीतलं मीठ, आणि ते जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच असतं. उपासाला चालतं म्हणून किडनीला चालतं असं नाही. दुसरा चकवा जास्त धोक्याचा: ‘लो सोडियम’ मीठ. त्यात सोडियम कमी करून त्या जागी अनेकदा पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. धडधाकट माणसाच्या रक्तदाबाला ते उपयोगी पडतं, पण किडनी मंदावलेल्या माणसाच्या रक्तात पोटॅशियम चढवू शकतं. पाकिटामागची बारीक अक्षरं इथे वाचायलाच हवीत.

चव मात्र मिठावर अडून नाही. लिंबू, आमसूल, आलं, लसूण, जिरं, ओवा, हिरवी मिरची, कोथिंबीर हे सगळं मंडईतच मिळतं. मीठ एकदम तोडण्यापेक्षा दोन-तीन आठवड्यांत थोडं थोडं उतरवलं की जिभेला सवय होते. ताटात वरून मीठ वाढायची पद्धत बंद केली तरी सुरुवात होते.

डाळ बंद करायची का?

बहुतेकांच्या बाबतीत नाही. ‘केडिगो’ या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाच्या २०२४ च्या सूचनांनुसार, तिसऱ्या ते पाचव्या टप्प्यातल्या आणि डायलिसिसवर नसलेल्या प्रौढांनी वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८ ग्रॅम प्रथिनं घ्यावीत. साठ किलोच्या माणसाला ती ४८ ग्रॅम होतात.

आता साधं मराठी ताट मोजून पाहू. दोन वाट्या वरण किंवा आमटीतून साधारण १४ ग्रॅम, पाच पोळ्यांतून १५, एक कप दुधातून सहा, वाटीभर दह्यातून चार, भातातून तीन. बेरीज ४२. त्यात एक अंडं किंवा थोडी उसळ आली की ४८. म्हणजे घरचं शाकाहारी जेवण जेमतेम त्या रेषेपर्यंत पोचतं. जे मुळात जास्त नाही, ते कमी करायचं कशाला? मर्यादा लागते ती रोज मटण-चिकनची मोठी वाढणी घेणाऱ्याला, किंवा ‘अशक्तपणा घालवायला’ डब्यातली प्रोटीन पावडर पिणाऱ्याला.

उतारवयात उलटाच धोका मोठा आहे. जेवण तुटलं की स्नायू गळतात, तोल जातो, पडणं होतं, मांडीचं हाड मोडतं. त्यातही चकवा असा की स्नायू गळाले की क्रिएटिनिन कमी दिसायला लागतं आणि ‘पथ्य लागू पडलं’ असं घरच्यांना वाटतं. म्हणून याच सूचनांमध्ये, अशक्त आणि स्नायू झिजलेल्या वृद्धांना प्रथिनं व उष्मांक वाढवून देण्याचा विचार करावा, असं म्हटलं आहे. डायलिसिस सुरू झाल्यावर तर प्रथिनांची गरज आणखी वाढते. तरीही काही घरांत जुनीच ‘डाळ बंद’ची यादी चालू राहते, आणि ती फार महागात पडते.

डाळीतल्या फॉस्फरसची भीतीही थोडी अवाजवी आहे. धान्य-डाळींतला बराचसा फॉस्फरस अशा रूपात असतो की आपलं आतडं तो पूर्ण शोषू शकत नाही. कोला पेयं, प्रोसेस्ड चीज, सॉसेज यांत मुद्दाम घातलेला फॉस्फेट मात्र जवळजवळ सगळा रक्तात उतरतो.

पोटॅशियम: कुणाला, केव्हा, किती

भाज्या-फळांवरची बहुतेक बंदी पोटॅशियममुळे येते. रक्तात ते साधारण ३.५ ते ५ या पट्ट्यात असावं. ५.५ च्या वर राहू लागलं की हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडण्याचा धोका वाढतो, आणि तिथे चालढकल नको. पण तिसऱ्या टप्प्यातल्या अनेकांचं पोटॅशियम व्यवस्थित असतं. त्यांनी भाज्या तोडण्यात फायदा काहीच नाही, तोटा आहे. भाजी गेली की चोथा जातो, चोथा गेला की बद्धकोष्ठ होतं. किडनी थकल्यावर शरीर जास्तीचं पोटॅशियम आतड्यावाटेही बाहेर टाकत असतं. तो मार्ग तुंबला की पोटॅशियम उलट वाढतं. शिवाय ते वाढण्यामागे नेहमी भाजीच असते असंही नाही. टेल्मिसार्टनसारख्या रक्तदाबाच्या गोळ्या, स्पायरोनोलॅक्टोन, हाताबाहेर गेलेला मधुमेह हीही कारणं असतात. यातल्या गोळ्या अनेकदा किडनी आणि हृदय सांभाळण्यासाठीच दिलेल्या असतात, तेव्हा त्या स्वतःहून बंद करायच्या नाहीत.

पोटॅशियम खरंच चढलेलं असेल तर मंडईतली निवड बदलते. कोबी, पडवळ, दोडका, दुधी, काकडी, कांदा, ढोबळी मिरची हे सोयीचे. फळांत सफरचंद, पेअर, अननसाची एखादी फोड. बटाटा, रताळं, सुरण, पालक, शेवग्याच्या शेंगा, केळं, खजूर, मोसंबीचा रस यांवर हात आखडता.

बटाटा पूर्ण सोडवत नसेल तर त्यावर उपाय आहे. रात्रभर पाण्यात भिजवून ठेवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण नुसत्या भिजवण्याने फारसं काही निघत नाही. लहान फोडी करून भरपूर पाण्यात उकडल्या आणि ते पाणी ओतून दिलं तर सुमारे निम्मं पोटॅशियम जातं. आख्खा बटाटा सालासकट कुकरला लावला तर हा फायदा मिळत नाही. आणि हे पाणी आमटीत वापरायचं नाही. ‘जीवनसत्त्वं वाया जातात’ ही काटकसरी सुगरणीची तक्रार एरवी बरोबर आहे. पोटॅशियम चढलेल्या माणसापुरती ती बाजूला ठेवावी.

आजाऱ्याला भेटायला जाताना शहाळं न्यायची आपली रीत आहे. मंडईबाहेर ते सोलून, नळी खोचून मिळतं. पण एका मोठ्या शहाळ्यात दीड-दोन केळ्यांइतकं पोटॅशियम असू शकतं. किडनीच्या रुग्णाकडे जाताना सफरचंद बरं. उपासाचं ताटही तसंच फसवं. बटाटा, रताळं, केळं, शेंगदाणे, खजूर असं सगळं जास्त पोटॅशियमचं एकाच दिवशी एकत्र येतं, वर गोळ्यांची वेळ चुकते आणि पाणीही कमी पोटात जातं. एकादशी करायचीच असेल तर भगर, साबुदाणा, काकडी, ताक अशी मांडणी करता येते.

एक फळ मात्र कोणत्याही टप्प्यावर नको: कमरख, करमल किंवा आता सगळे म्हणतात ते स्टारफ्रूट. आडवं कापलं की चांदणीसारखं दिसणारं. त्यातलं एक विषारी द्रव्य थकलेल्या किडनीला बाहेर टाकता येत नाही आणि ते मेंदूवर परिणाम करतं. न थांबणारी उचकी, बरळणं, झटके, प्रसंगी मृत्यूही. रोज सकाळी पालक-बीटचा कच्चा रस पिण्याचं खूळही सोडावं. त्यातल्या ऑक्झॅलेटचे खडे किडनीत साचू शकतात.

पाणी आणि गोळ्या

‘भरपूर पाणी प्यायलं की किडनी धुऊन निघते’ हा समज फार पक्का बसलेला आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या एका चाचणीत तिसऱ्या टप्प्यातल्या रुग्णांना वर्षभर जास्त पाणी प्यायला सांगितलं गेलं. त्याने किडनीची घसरण मंदावली नाही. तहानेनुसार पाणी प्यावं, एप्रिल-मेच्या उन्हात जास्त. पाय सुजत असतील किंवा हृदय कमजोर असेल तर प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावं. उलट्या-जुलाब सुरू झाले तर त्याच दिवशी फोन करून कोणत्या गोळ्या तात्पुरत्या थांबवायच्या ते विचारावं.

गुडघेदुखीवर दुकानातून परस्पर आणलेल्या डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या किडनीचं जेवढं नुकसान करतात, तेवढं टोमॅटोने कधी केलं नसेल. ज्या पुड्यांत काय आहे ते पाकिटावर लिहिलेलं नाही, त्यांनाही लांबूनच नमस्कार. मधुमेह असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायची: किडनी मंदावली की इन्शुलिन शरीरात जास्त वेळ टिकतं, त्यामुळे जुन्याच डोसवर साखर अचानक खाली जाऊ शकते. मेटफॉर्मिनही ईजीएफआर ३० च्या खाली गेल्यावर बंद करावं लागतं.

आणि तरीही डायलिसिसची वेळ आलीच तर?

जयप्रकाश नारायण यांच्या दोन्ही किडन्या १९७५ मध्ये, वयाच्या ७३ व्या वर्षी, निकामी झाल्या. मुंबईच्या जसलोक रुग्णालयात डायलिसिस सुरू झालं, आणि त्यावर ते १९७९ च्या ऑक्टोबरपर्यंत जगले. मधल्या काळात देशात आणीबाणी उठली, निवडणूक झाली, सरकार बदललं आणि त्या सगळ्याच्या केंद्रस्थानी ते होते. त्या काळी अशी यंत्रं देशात मोजक्याच ठिकाणी होती. आज महाराष्ट्रात, मंडईला ज्यांचं नाव आहे त्याच महात्मा फुल्यांच्या नावाच्या जन आरोग्य योजनेत डायलिसिसचा समावेश आहे. खर्चाची चौकशी वेळ येण्याआधीच करून ठेवलेली बरी. ईजीएफआर ३० च्या खाली जाऊ लागला की किडनीतज्ज्ञांकडे जावं आणि त्याच वेळी आहारतज्ज्ञांकडून ताटही नव्याने आखून घ्यावं. सोबत न्यायचे कागद चार: ईजीएफआर, लघवीतलं अल्ब्युमिन, पोटॅशियम-फॉस्फरसचा ताजा रिपोर्ट आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी, दुकानातून परस्पर आणलेल्या धरून.